वजा बारदान

अक्कलकुव्याच्या बाजारपेठेत वनोपजाचा व्यापार करणाऱ्या एका पेढीवर मी १९७९ सालच्या उन्हाळ्यात कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा माझ्या हाती जी लांबट, लाल कापडी बांधणीची वही देण्यात आली, तिच्या प्रत्येक पानावर जिन्नसाच्या व तारखेच्या नोंदीपुढे तीनच रकाने आखलेले होते : पहिल्याच्या माथ्यावर ‘एकंदर’, दुसऱ्याच्या माथ्यावर ‘वजा बारदान’ आणि तिसऱ्याच्या माथ्यावर ‘बाकी निव्वळ’. मॅट्रिकला गणितात बरे गुण मिळवून आलेल्या मला या वहीत शिकण्यासारखे काही आहे असे वाटले नाही. पहिल्यातून दुसरा वजा करावा आणि उरेल ते तिसऱ्यात उतरवावे, एवढ्यासाठी पेढीने महिना दीडशे रुपये खर्च करावेत याचेच उलट नवल वाटले. पुढे तीस-बत्तीस वर्षे मी वजनांच्याच संगतीत काढली, आधी या पेढीवर आणि मग नंदुरबारला मालवाहतुकीच्या कचेरीत, आणि आज त्या वहीविषयी इतके निश्चित सांगू शकतो की तिचा पहिला रकाना काटा लिहीत असे, तिसरा वजाबाकी लिहीत असे, आणि मधला तेवढा माणूस लिहीत असे.

तेव्हा अक्कलकुवा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबारचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता गावातून जातो, पश्चिमेला खापर ओलांडले की गुजरातची हद्द लागते, आणि उत्तरेला देवगोईचा घाट चढून मोलगीकडे निघाले की सातपुड्याचा खरा पसारा सुरू होतो. त्या पसाऱ्यातून उन्हाळ्यात माल खाली उतरे : आधी मोहाची फुले, मग चारोळी, अधूनमधून डिंक, आणि एप्रिल-मेपासून पावसाच्या तोंडापर्यंत आमचूर. आमच्याकडे आमचूर म्हणजे पूड नव्हे; गावठी आंब्याच्या कैऱ्या उतरवून, सोलून, त्यांच्या फोडी कातळावर किंवा अंगणात कडक उन्हात वाळवायच्या, आणि त्या जितक्या पांढऱ्या राहतील तितका भाव अधिक. एखादा अवकाळी शिरवा येऊन गेला की फोडी काळ्या पडतात आणि चार दिवसांचे कष्ट निम्म्या भावाला जातात. घरातली सगळी माणसे, लहान पोरांसकट, त्या दिवसांत साली काढण्यात गुंतलेली असत, आणि बाजाराला आलेल्या बायकांच्या बोटांवर कैरीच्या चिकाचे काळे डाग इतके पक्के बसलेले असत की अंगठा उठवण्यासाठी शाई लावली तरी ती कुठे लागली हे शोधावे लागे.

बारदान हा शब्द तेव्हा मी रोज पन्नास वेळा लिहीत होतो, पण त्याची फोड करून पाहण्याचे सुचले ते फार उशिरा. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे, आणि ‘दान’ म्हणजे पानदान, कलमदान, गुलाबदान यांत आहे तेच, ठेवण्याचे पात्र. म्हणजे ओझ्याचे पात्र ते बारदान. इंग्रजी व्यापारात ज्याला ‘टेअर’ म्हणतात तो शब्दही मुळात अरबी असून, इटलीच्या बंदरांतून तो पश्चिमेला गेला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘टाकून दिलेले’ असा आहे. एकाच वस्तूला एका भाषेने ओझे वाहणारे म्हटले आणि दुसरीने टाकण्याजोगे म्हटले, हा भेद मला आजही विचार करण्याजोगा वाटतो. आपल्याकडच्या जुन्या वाण्यांची रीत याहून सरळ होती : तेल मोजण्याआधी गिऱ्हाइकाचे रिकामे भांडे एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात खडे किंवा विटेचा तुकडा टाकून दोन्ही पारडी समतोल करीत, आणि याला ‘धडा करणे’ म्हणत. मग पुढे जे वजन पडेल ते निव्वळ तेलाचे. पारडीच मुळात विषम असतील तर हलक्या बाजूला जे लहानसे वजन बांधीत ते ‘पासंग’. ‘तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण सहज बोलून जातो, परंतु ज्या पेढीच्या तराजूला पासंग बांधलेला नसे तिथे माल घालणाऱ्याचे किती जाई, हे बोलताना मनात येत नाही. धडा केला तर वजाबाकी लागतच नाही. आमच्या पेढीवर धडा करीत नसत. त्याला वेळ लागतो, आणि बाजाराच्या दिवशी वेळ नसतो, असे मुनीमजींचे म्हणणे होते.

मुनीमजी म्हणजे साठीच्या घरातले, धोतर, काळी टोपी आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा, असे गृहस्थ. दशमान वजने १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात येऊ लागली आणि १९६२च्या एप्रिलपासून सक्तीची झाली, त्याला सतरा वर्षे उलटून गेली होती, तरी मुनीमजींचे डोके तोळे, शेर आणि मण यांतच चाले. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण, आणि तो रेल्वेचा पक्का मण धरला तर सदतीस किलो व वर सुमारे तीनशे चोवीस ग्रॅम, हे ते झोपेतही सांगत. गुजरातचे व्यापारी मात्र मण म्हटले की वीस किलो धरीत, आणि आपल्याकडे सरसकट चाळीस किलोंना मण म्हणण्याची सवय पडली होती, त्यामुळे हद्दीपलीकडून ‘पन्नास मण महू पाठवावा’ असे पत्र आले की आधी कोणाचा मण, हे विचारणारे दुसरे पत्र आमच्याकडून जाई. पोस्टकार्ड तेव्हा स्वस्त होते म्हणून बरे.

खरेदीची पद्धत अशी. डोंगरातून आलेली बाई डोक्यावरचे गाठोडे सोडीत नसे. ते तसेच काट्यावर चढे, मी आकडा लिही, आणि दुसऱ्या रकान्यात, गाठोडे असो की टोपली, एक किलो लिहून टाकी. हा एक किलो कोणी ठरवला होता ते मुनीमजींनाही ठाऊक नव्हते. त्यांच्या आधीच्या मुनीमजींच्या वहीतही तो होता. एका बाजारी, मला वाटते १९८० सालच्या मे महिन्यात, मोलगीच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरची मध्यम वयाची बाई आली. गाठोड्यासकट साडेआठ किलो भरले, मी सवयीने एक किलो वजा करून साडेसात लिहिले. ती काही बोलली नाही. तिने खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर गाठोड्यातल्या फोडी ओतल्या, फडके झटकले, चार घड्या केल्या, ते काट्यावर ठेवले आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी पाव किलोचे वजन दुसऱ्या पारड्यात टाकले तर फडक्याचे पारडे वर गेले. दोनशे ग्रॅमला काटा जुळला. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, परंतु काट्याची जीभ मध्यभागी आली की नाही हे पाहायला अक्षरओळख लागत नाही. मी मुनीमजींकडे पाहिले. त्यांनी वहीतून मान वर न करता म्हटले, ‘‘एक किलो लिही. बाई, रिवाज आहे.’’ मी एक किलो लिहिला. तिने पैसे मोजून घेतले, फडके डोक्याला गुंडाळले आणि मिठाच्या दुकानाकडे गेली.

येथवरची गोष्ट कोणत्याही आदिवासी भागात कोणीही सांगेल. पुढली गोष्ट मात्र मी इतरत्र ऐकलेली नाही. पुढच्या बाजाराला तीच बाई आली तेव्हा तिच्याबरोबर पाच-सहा जणी होत्या आणि त्या सगळ्यांत मिळून गाठोडे एकच होते. दोन पुरुषांनी काठीला अडकवून खांद्यावरून आणलेले, जुन्या लुगड्याचे, भले थोरले. एकंदर एकावन्न किलो भरले. मी एक किलो वजा करून पन्नास लिहिले, आणि लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आले की वेगवेगळी सहा गाठोडी आली असती तर सहा किलो गेले असते. वाटणी त्यांनी घरीच करून ठेवलेली होती. कोणाच्या किती फोडी हे पानांच्या खुणेने म्हणा की गाठींच्या म्हणा, त्यांना पक्के ठाऊक होते, आणि पैसे हाती आल्यावर ओट्याखाली बसून त्यांनी ते बिनबोभाट वाटून घेतले. बारदानाचे वजन नगावर ठरलेले असेल तर नग कमी करावेत, हे तत्त्व पुढे मी मोठमोठ्या मालपाठवण्यांत वापरले आणि त्याबद्दल वरिष्ठांची शाबासकीही मिळवली. पण ते मी शिकलो ते या ओट्यावर, आणि ज्यांच्याकडून शिकलो त्यांना मी मागच्याच बाजारी आठशे ग्रॅमने फसवलेले होते.

मुनीमजींनाही ते कळले, आणि तेही कमी नव्हते. महिनाभरात चार पाड्यांवरून अशी एकत्र गाठोडी येऊ लागली तेव्हा त्यांनी रिवाज बदलला : यापुढे नगावर नाही, मणावर एक किलो. म्हणजे आता गाठोडे एक असो की सहा, चाळीस किलोंमागे एक किलो जायचाच. व्यापारी ज्याला ‘कडता’ म्हणतात तो हाच. बारदानाच्या नावाने जन्माला आलेली वजावट बारदानापासून एकदा सुटली की तिला धरबंध राहत नाही. ती मालावर टक्केवारीने बसू लागते आणि मग मातीची, दांडीची, ओलीची अशी नवीनवी नावे धारण करते. बाजार समित्यांच्या आवारांत कडता घेण्यास मनाई आहे, आणि १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन होऊन १९७६च्या कायद्याने आदिवासी भागात काही धान्यांची व वनोपजांची एकाधिकार खरेदी सुरू झाली तिच्यामागेही व्यापाऱ्यांच्या अशाच मापांचा पूर्वेतिहास होता. आमचा ओटा मात्र त्या साऱ्या कायद्यांपासून अर्ध्या फर्लांगावर असूनही बराच दूर होता.

आता विक्रीची बाजू सांगतो, कारण तिथे मी स्वतः पोळलो. १९८१च्या जुलैत आमच्याकडून आमचुराची १६० पोती गुजरातेतल्या एका मोठ्या शहरातल्या आडतीवर जायची होती. भाव चढण्याची वाट पाहत पेढीचे मालक असलेल्या शेठजींनी माल जूनभर दाबून ठेवला होता. पोती त्याआधी उन्हाळ्यातच आमच्या काट्यावर भरलेली होती; सगळ्यांचे एकंदर ७,३९२ किलो झाले, म्हणजे पोत्यामागे सरासरी ४६ किलो २०० ग्रॅम. पोत्याचे वजन किती धरावे? वहीत पूर्वापार पोत्यामागे एक किलो धरलेला होता. मी १६० किलो वजा करून निव्वळ ७,२३२ किलो असे बिल्टीवर आणि बीजकावर सुवाच्य अक्षरांत लिहिले. ट्रक सागबारा, डेडियापाडा, नेत्रंग असा भर पावसात गेला. दहा दिवसांनी आडतीवरून हिशेबपट्टी आली : एकंदर ७,४२० किलो, वजा ओले बारदान, पोत्यामागे दोन किलोप्रमाणे, ३२०, बाकी निव्वळ ७,१००. बीजकाहून १३२ किलो कमी.

शेठजींनी मला समोर उभे करून एकच प्रश्न विचारला : ‘‘एकशे बत्तीस किलो आमचूर रस्त्यात कोणी खाल्ले?’’ मला उत्तर देता आले नाही. ट्रकवाल्याचा संशय, वाटेतल्या उताराचा संशय, आडत्याच्या काट्याचा संशय, असे सगळे संशय मी एकामागून एक मांडले, आणि ते सगळे ऐकून घेऊन शेठजी म्हणाले की एकशे बत्तीस किलोंची किंमत चार हप्त्यांत माझ्या पगारातून वळती होईल.

मला वाचवले ते गोदामातल्या एका वृद्ध हमालाने. चाळीस वर्षे पाठीवर पोती वाहिलेला हा माणूस पोते उचलताच त्यात किती भरती आहे ते अर्ध्या किलोच्या फरकाने सांगत असे. त्याने मला संध्याकाळी गोदामात बोलावले, कोपऱ्यातल्या रिकाम्या बारदानाच्या ढिगाकडे बोट केले आणि म्हणाला, ‘‘भाऊ, ही पोती तू कधी तोललीस का?’’ मी कधीच तोलली नव्हती. दोन वर्षांत हजारो पोत्यांचे वजन मी वजा केले होते, आणि एकही रिकामे पोते काट्यावर ठेवले नव्हते. आम्ही ढिगातून हाताला येतील ती दहा पोती काढली. ती कोरी नव्हतीच. साखरेची, धान्याची, तीन-तीन वेळा वापरलेली, उंदरांनी कुरतडलेली आणि गोणपाटाचे चौकोन लावून ठिगळलेली. प्रत्येकाबरोबर तोंड शिवायला लागते तेवढी सुतळी ठेवली. दहा पोत्यांचे पंधरा किलो दोनशे ग्रॅम भरले. ‘‘आता हीच दहा पोती चुलीजवळ टाक,’’ तो म्हणाला. रात्रभर ती आम्ही भटारखान्यात चुलीच्या उबेला ठेवली, सकाळी तोलली, तर बरोबर चौदा किलो. ताग हवेतली ओल पितो आणि उन्हाळ्यात सोडतो; मे महिन्यात कोरडे असलेले पोते जुलैत काही न भरताही जड होते. हे पाठ्यपुस्तकात असेल, पण मी ते पहिल्यांदा पाहिले ते तिथे.

मग आम्ही हिशेब मांडला, म्हणजे मी मांडला आणि तो तंबाखू मळीत ऐकत बसला. पोती आमच्याकडे भरली तेव्हा कोरडी होती. त्यांचे बारदान १६० नव्हे, १ किलो ४०० ग्रॅमप्रमाणे २२४ किलो होते. म्हणजे खरा निव्वळ माल ७,१६८ किलो. बीजकावर मी लिहिलेल्यांतले ६४ किलो आमचूर कधी या जगात नव्हतेच. ते फक्त माझ्या वहीत होते. उलट बाजूला, आडतीवर पोहोचेपर्यंत पोत्यांनी पाणी पिऊन त्यांचे २४३ किलो झाले होते असे धरले तर त्यांच्या ७,४२० मधून माल उरायला हवा होता ७,१७७ किलो. त्यांनी दिला ७,१०० चा हिशेब. म्हणजे ७७ किलो त्यांच्या दोन किलोंच्या रिवाजाने गिळले. आणि मधले जे नऊ किलो वाढलेले दिसत होते ते आमचुराने स्वतःच प्यालेल्या पावसाचे. आम्ही त्यांना पोत्यामागे चारशे ग्रॅम तागाची किंमत आमचुराच्या भावाने लावली होती, आणि त्यांनी आमच्याकडून पोत्यामागे सुमारे पाचशे ग्रॅम आमचूर तागाच्या नावाने घेतले होते. दोघांचाही रिवाज होता.

तो पोत्यामागचा एक किलो मूळचा कोठून आला असावा, हेही त्या निमित्ताने उलगडले. धान्याच्या व्यापारात बी-ट्विल नावाने ओळखल्या जाणाऱ्या शंभर किलोंच्या कोऱ्या पोत्याचे वजन एक किलो वीस ग्रॅमच्या आसपास असते. कोणे एके काळी पेढीने कोरी पोती घेतली असतील, एखाद्या काटेकोर माणसाने ती तोलून एक किलो लिहिला असेल, आणि मग पोती जुनी होत गेली, त्यांना ठिगळे लागत गेली, आकडा मात्र कोराच राहिला. बायकांच्या गाठोड्याला लावलेला एक किलो त्याच आकड्याचा दत्तक वारस असणार, असा माझा तर्क आहे. खरेदीला तो पाचपट होता, विक्रीला चारशे ग्रॅमने कमी. आणि दोन्हीकडे पेढीचाच लाभ होईल अशी त्याची मांडणी कोणी मुद्दाम केली असेल असे मला आज वाटत नाही. चूक आपल्या बाजूची असेल तर ती तपासून पाहण्याची निकड कोणाला भासत नाही, एवढेच.

मी तो हिशेब शेठजींपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, ६४ किलोंचा भुर्दंड माफ केला, बाकीचा आडत्याशी पुढच्या व्यवहारात तोडून घेतला, आणि मला बजावले की विक्रीचे बारदान यापुढे दर लॉटमागे दहा पोती तोलून धरायचे. मी विचारले, ‘‘आणि खरेदीचे?’’ शेठजी हसले. माणूस वाईट नव्हता. पावसाळ्यात पाड्यांवर उधारीने ज्वारी पोहोचवणाराही तोच होता. पण हसले, आणि त्या हसण्याचा अर्थ मला कळला. पुढच्या हंगामात मी माझ्यापुरते एवढेच केले की काट्याशेजारी एक रिकामी टोपली आणि एक फडके कायमचे ठेवले, आणि कोणी मागितल्यास धडा करून दिला. मागणाऱ्या हळूहळू वाढल्या. मुनीमजींनी त्याकडे कानाडोळा केला. १९८४ साली मी ती नोकरी सोडली, यात या गोष्टीचा वाटा किती आणि नंदुरबारला मिळणाऱ्या वाढीव पगाराचा किती, हे मी स्वतःलाही प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही.

नंदुरबारच्या कचेरीत वजनांचे आणखी प्रकार भेटले. तिथे मिरचीचे राज्य. हंगामात ओली लाल मिरची बाजारात येते, व्यापारी ती शहराबाहेरच्या माळावर पथारींवर पसरून वाळवतात, आणि शेकडो बायका बसून तिचे देठ खुडतात. शेतकऱ्याला पैसे मिळतात ते पाण्यासकट आणि देठासकट मिरचीचे, आणि गाडीत चढते ती पाणी व देठ गेलेली. त्यामुळे ‘निव्वळ’ हा शब्द तिथे कोणी उच्चारला की मी आधी विचारीत असे, कोणत्या दिवशीचा निव्वळ? स्टेशनवर मालगाडीच्या वाघिणी उभ्या असत, आणि प्रत्येक वाघिणीच्या अंगावर पांढऱ्या रंगात तिचे स्वतःचे रिकामे वजन आणि ती किती भार वाहू शकते, हे लिहिलेले असे. मला त्या वाघिणींविषयी आदर वाटे. ट्रकांच्या दारांवरही विनाभार वजन रंगवलेले असते, पण ते ट्रक नवा असतानाचे. त्यानंतर त्यावर लाकडी फळ्या चढतात, लोखंडी जाळी येते, आणि धर्मकाट्यावर रिकामा ट्रक आणला तेव्हा टाकी भरलेली होती की नाही, ताडपत्री ओली होती की कोरडी, क्लीनर आत झोपलेला होता की चहाला उतरला होता, यावर शंभर-दीडशे किलो इकडचे तिकडे होतात. दीडशे लिटर डिझेलच सव्वाशे किलो भरते. म्हणून भरलेला आणि रिकामा, दोन्ही वेळा एकाच काट्यावर, एकाच दिवशी, आणि टाकीची पातळी लिहून, असा दंडक मी माझ्या टेबलापुरता घातला होता, आणि त्याबद्दल ट्रकवाल्यांनी मला ठेवलेले टोपणनाव येथे लिहिण्याजोगे नाही.

परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रे माझ्या हातून फारशी गेली नाहीत, पण जी गेली त्यांत पेटीगणिक दोन्ही वजने वेगवेगळी लिहावी लागत, एकंदर आणि निव्वळ. जकात बहुधा निव्वळावर किंवा किमतीवर पाहिली जाते आणि भाडे एकंदरावर. जहाजाला मात्र निव्वळाशी काही कर्तव्य नसते. त्याला सगळेच वाहायचे असते, मिरची, पोते, खालची लाकडी फळी आणि दोन टनांहून जड असलेला वीस फुटी कंटेनरसुद्धा. मी निवृत्त झाल्यावर, १ जुलै २०१६ पासून, भरलेल्या प्रत्येक कंटेनरचे एकंदर वजन तपासून प्रमाणित केल्याशिवाय तो जहाजावर चढवायचा नाही असा जगभर नियम झाला, कारण कागदावरच्या खोट्या वजनांनी कंटेनरांच्या थप्प्या कोसळल्या होत्या. ती बातमी वाचली तेव्हा मला ते चौसष्ट किलो आठवले.

अलीकडे अक्कलकुव्याला नात्यातल्या एका मुलीकडे राहायला गेलो होतो. ती आणि पाड्यावरच्या काही बायका मिळून बचत गटातर्फे आमचूर थेट शहरांतल्या घरांत पाठवतात. दोनशे ग्रॅमच्या पिशव्या, आणि फोडी मोडू नयेत म्हणून पिशवीत थोडी हवा ठेवलेली. त्यावर निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगचा महिना, सगळे कायद्याप्रमाणे छापलेले. निव्वळ वजनात पिशवी धरायची नाही, हे तिला माझ्याकडून शिकावे लागले नाही. शंभर रिकाम्या पिशव्या एकत्र तोलून एकीचे आठ ग्रॅम तिने आधीच काढून ठेवले होते. तिची तक्रार वेगळी होती. पंचेचाळीस पिशव्यांचा खोका साडेदहा किलो भरत होता आणि कुरियरवाला पैसे सोळा किलोंचे घेत होता. मी खोका मोजला : पन्नास, चाळीस, चाळीस सेंटिमीटर. लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून त्याला पाच हजारांनी भागायचे, आणि येईल ते किलो आणि काट्यावरचे किलो यांत जे जास्त असेल त्याचे पैसे. ऐंशी हजार भागिले पाच हजार, सोळा. ‘‘म्हणजे हवेचं वजन?’’ तिने विचारले. ‘‘जागेचं,’’ मी म्हणालो, पण तिचेच म्हणणे अधिक बरोबर होते. बारदानाचा हा नवा अवतार तागाचाही नव्हता आणि पुठ्ठ्याचाही नव्हता.

आम्ही तीन दिवस खटपट केली. फोडींऐवजी पूड करून पाहिली. गिरणीत आमचूर दळायला गिरणीवाला नाखूश, कारण नंतरचे पीठ आंबट होते, म्हणून दळणाच्या शेवटी, रात्री आठनंतर, अशी वेळ ठरली. पूड सपाट बसते, हवा लागत नाही. तेवढ्याच पंचेचाळीस पिशव्या चाळीस, तीस, पंचवीसच्या खोक्यात मावल्या. जागेचे वजन सहा किलोंवर आले आणि काट्यावरचे दहा किलोंच्या आत. पूड पांढरी राहत नाही, असे पाड्यावरच्या एका आजीने सांगून पाहिले, आणि ते खरेही आहे. म्हणून निम्मा माल अजून फोडींचाच जातो आणि त्याचे भाडे वेगळे आकारले जाते. निघताना मी खोका उचलून पाहिला. झाकणाच्या आतल्या बाजूस तिने पेन्सिलीने लिहून ठेवले होते : रिकामा खोका ६२० ग्रॅम, चिकटपट्टीसह, पावसाळ्यात पुन्हा तोलणे.